अंगावरून वारं गेलं, तर किती पैसे लागतात?

माझ्या काकांच्या, म्हणजे तात्यांच्या, अंगावरून वारं गेलं ते सकाळी सव्वासातला. आकाशवाणी पुण्याच्या सात पाचच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या हातातली चहाची बशी सुटून खाली पडली. काकूंनी वळून पाहिलं तर तोंड वाकडं झालेलं, जीभ जड. ही वेळ आम्हाला कळली चार दिवसांनी, काकू जरा सावरून बोलायला लागल्यावर. त्या दिवशी साताऱ्यात डॉक्टरांनी “नक्की किती वाजता झालं?” असं विचारलं तेव्हा चुलतभाऊ एवढंच म्हणाला होता, “सकाळीच की.”

गाव माण तालुक्यातलं. आधी गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि “तासभर बघू” म्हणाले. मग जीप ठरली. जीप दारात आली तर रेशनकार्ड सापडेना. ते कडधान्याच्या डब्याखाली निघालं, त्यात अर्धा-पाऊण तास गेला. मग तालुक्याचं गाव. तिथं सीटी स्कॅनचं मशीन नाही. मग सातारा. सीटी झाला तेव्हा घड्याळात बारा वीस झाले होते. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यायचं असतं. तात्यांचे साडेचार तास पावणेबाराला संपले होते. पस्तीस मिनिटांचा उशीर.

इंजेक्शन मिळालं असतं तर तात्या खडखडीत बरे झाले असते, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण बिलाचं सांगता येतं. अकरा दिवसांचं एक लाख ८७ हजार, त्यातले निम्म्याहून जास्त आयसीयूचे. त्याच वर्षी आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या आईला पुण्यात कोथरूडला असाच झटका आला. चाळीस मिनिटांत त्या रुग्णालयात होत्या, इंजेक्शन मिळालं, पाचव्या दिवशी स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी गेल्या. शहरातलं मोठं रुग्णालय, महागडं औषध, आणि बिल एक लाख ६४ हजार. तेही विम्यानं भरलं. तात्यांचा विमा नव्हता.

म्हणजे गावात राहणाऱ्याला उपचार कमी मिळाले आणि पैसे जास्त लागले. शिवाय घरी आल्यावरचा खर्च वेगळाच, त्याकडे पुढे येतो. खाली जे दर देतोय ते गेल्या दोन वर्षांत नातेवाइकांची आणि ओळखीच्यांची बिलं बघून, काही ठिकाणी विचारून काढलेले अंदाज आहेत. मुंबईत ते वर जातील, जिल्ह्याच्या गावी थोडे खाली येतील. पण ते वाचताना एक डोळा घड्याळावर ठेवा, कारण या आजारात दर तासाला दरपत्रक बदलतं.

गाडी: फुकट आणि दहा हजार

१०८ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती पूर्ण फुकट आहे. सुरुवातीला ९३७ गाड्या आल्या, त्यांपैकी २३३ मोठ्या, व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या. गाडीत डॉक्टर असतो, तो रक्तदाब आणि साखर बघतो. वाटेत जाणारा वेळ असा कामी येतो. साखर फार खाली गेली तरी माणूस लकवा झाल्यासारखाच दिसतो, त्यामुळे ती तपासणी क्षुल्लक नाही.

फोनवर “चक्कर आली”, “बरं वाटत नाही” असं सांगू नका. “लकव्याचा झटका आहे, सात वाजून पंधरा मिनिटांनी झालाय, सीटी असलेल्या दवाखान्यातच न्यायचंय” असं तीन तुकड्यांत सांगा. गाडी साधारणपणे जवळच्या सरकारी दवाखान्याकडे वळते. जवळच्या दवाखान्यात सीटी नसेल तर तिथं थांबण्यात फक्त वेळ जातो. जिल्ह्याच्या सिव्हिलला बहुतेक ठिकाणी सीटी आहे, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सहसा नाही.

१०८वाले चाळीस मिनिटं म्हणाले आणि शेजाऱ्याची बोलेरो दारात उभी असली तर? माझं मत स्पष्ट आहे: बोलेरो. रुग्णाला मागच्या सीटवर कुशीवर झोपवा, पाण्याचा घोटसुद्धा देऊ नका. गिळता येत नसेल तर ते पाणी फुप्फुसात जातं.

खासगी कार्डिॲक रुग्णवाहिका शहरातल्या शहरात दोन-चार हजार घेते. साताऱ्याहून पुण्याला डॉक्टरसह १० ते १५ हजार, रात्री थोडे जास्त. पैसे देण्याआधी गाडीत खरोखर डॉक्टर आहे का ते डोळ्यांनी बघा. पाठीवर ‘कार्डिॲक’ लिहिलेल्या कित्येक गाड्यांत एक सिलिंडर आणि ड्रायव्हरचा भाचा असतो.

सीटी: अडीच हजार, आणि त्याशिवाय काहीच नाही

बाहेरून बघून कुठल्याही डॉक्टरला सांगता येत नाही की रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे. शंभरातल्या ८०-८५ जणांत ती तुंबलेली असते, उरलेल्यांत फुटलेली. दोन्हीकडे तोंड वाकडं, हात लुळा. उपचार मात्र पार उलटे. तुंबलेल्याला रक्त पातळ करायचं, फुटलेल्याला ते केलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून घरी ॲस्पिरिनची गोळी चारायची नाही, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती गोळीही नाही. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून स्वतःच्या मनानं बीपीची जादा गोळी द्यायची नाही. कबुतराचं रक्त चोळायचं नाही, हे २०२०च्या पुढच्या दशकातही लिहावं लागतं याची लाज वाटते, पण लिहावं लागतं.

साधा सीटी खासगीत दोन ते चार हजारांत होतो. सिव्हिलला नाममात्र शुल्क किंवा तेही नाही. त्याच्यासोबत मानेच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा अँजिओ सीटी सांगितला तर आणखी सहा ते बारा हजार. हा दुसरा सीटी म्हणजे बिल वाढवायचा धंदा आहे असं समजून लोक नाही म्हणतात. तसं करू नका. मोठी वाहिनी तुंबली आहे का, म्हणजे तारेनं गुठळी काढावी लागेल का, ते त्यातच दिसतं. एमआरआय पाच ते दहा हजार. त्याची गरज खास करून तेव्हा, जेव्हा माणूस झोपेतून उठतानाच लुळा उठतो आणि झटका नेमका कधी आला ते कुणालाच ठाऊक नसतं. अशा वेळी डॉक्टर वेळ मोजतात ती रुग्णाला शेवटचं धडधाकट कुणी, किती वाजता पाहिलं तिथपासून. रात्री साडेअकराला तो लघवीला उठला होता का, बोलला होता का, हे घरातल्यांनी आठवून ठेवायचं. तात्यांच्या बाबतीत रेडिओच्या बातम्या होत्या. वेळ काकूंना ठाऊक होती, पण काकूंना कुणी विचारलंच नाही.

इंजेक्शन: ३० ते ७० हजार

दोन औषधं आहेत. जुनं अल्टेप्लेज, १९९५च्या अमेरिकेतल्या चाचणीनंतर ते तीन तासांच्या आत द्यायला लागले, आणि २००८च्या युरोपातल्या चाचणीनंतर ती मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. नवं टेनेक्टेप्लेज. ते पुण्याजवळ हिंजवडीत तयार होतं, आणि भारतात लकव्यासाठी त्याला परवानगी मिळाली अमेरिकेच्या कितीतरी आधी. अमेरिकेनं ती २०२५ मध्ये दिली. २०२२ मध्ये हे औषध आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आलं. हिंजवडीहून माण तालुका काही चंद्रावर नाही. पण औषध तयार होतं तिथून ते तालुक्याच्या दवाखान्यातल्या फ्रिजपर्यंत जायला रस्ता नसतो, कारण तिथं सीटी नाही, आणि सीटीशिवाय ते द्यायचं नसतं.

अल्टेप्लेजचा डोस वजनावर ठरतो: किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. साठ किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम. बाटल्या मात्र ५० आणि २०च्या. म्हणजे ७० मिलिग्रॅमचे पैसे भरायचे आणि १६ मिलिग्रॅम बाटलीत शिल्लक. बिलावर दोन बाटल्या दिसल्या म्हणून लगेच ओरडू नका, हा हिशोब मांडून बघा. दहा टक्के औषध एकदम देतात, बाकीचं तासभर सलाईनमधून. टेनेक्टेप्लेज एकाच दमात शिरेत देऊन होतं, त्यामुळे ते देऊन पुढच्या शहरात पाठवणं सोपं जातं. खर्चही बहुधा कमी येतो. “दोन्हीपैकी कुठलं देताय?” हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण एकदाच विचारा. घासाघीस करत बसायची ही वेळ नव्हे.

सहीचा कागद समोर येतो तेव्हा घरातले सगळे गांगरतात. कागदावर लिहिलेलं असतं की मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे खरं आहे. १९९५च्या त्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्यांपैकी शंभरात साधारण सहा जणांना तसा त्रास झाला होता. आणि तरीही तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शन मिळालेल्यांत जास्त होतं. नेमकं याच वेळी कुणीतरी म्हणतं, “थांबा, मुंबईच्या दादाला विचारू.” दादा मीटिंगमध्ये असतो. त्याचा फोन येईपर्यंत वीस मिनिटं जातात. एका मिनिटात मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशोब २००६ मध्ये एका अमेरिकी मेंदूतज्ज्ञानं मांडून ठेवला आहे. घरात रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल तर सही कोण करणार ते आजच ठरवा. दादाला ते आजच कळवा.

गडचिरोलीतली गोष्ट इथं सांगायला हवी. ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. योगेश काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ८६ गावांतले दोन वर्षांचे, एप्रिल २०११ ते मार्च २०१३ मधले, मृत्यू तपासले. आदिवासी-ग्रामीण भाग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हिवताप, अतिसार येतो. तिथं मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा. दर सात मृत्यूंमागे एक. आणि त्यानं गेलेल्या शंभरातल्या ८७ जणांनी जीव सोडला तो स्वतःच्या घरात. इंजेक्शनची किंमत ३० हजार की ७० हजार, हा प्रश्न त्या घरांपर्यंत पोचलाच नाही.

गुठळी तारेनं काढणं: पाच ते आठ लाख

मोठी वाहिनी तुंबली असेल तर नुसत्या इंजेक्शनवर भागत नाही. जांघेतून नळी मेंदूपर्यंत नेऊन जाळीच्या तारेनं गुठळी पकडून बाहेर ओढतात, किंवा नळीनं शोषून घेतात. २०१५ मध्ये एकामागोमाग पाच चाचण्यांचे निकाल आले आणि हा उपचार जगभर मान्य झाला. त्या पाचही एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं की तीन महिन्यांनी स्वतंत्रपणे वावरू शकणारे रुग्ण शंभरात ४६ होते. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत २६-२७. पुढे २०१८ मध्ये आणखी दोन चाचण्यांनी दाखवलं की निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंतही करता येतं. “आता साडेचार तास उलटले, नेऊन काय उपयोग?” असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे वाक्य वाचून दाखवा.

तात्यांच्या वेळी साताऱ्याहून पुण्याच्या एका रुग्णालयाला फोन लावला. अंदाज सांगितला साडेसहा लाख, आल्याआल्या दीड लाख भरा. तोवर चुलतभावाकडे जमले होते बेचाळीस हजार. आम्ही गेलो नाही. जायला हवं होतं का, हा प्रश्न आमच्या घरात अजून कुणी मोठ्यानं विचारत नाही.

हे पैसे कुठे जातात? निम्म्याच्या आसपास साहित्यात. जाळीची तार, शोषून घ्यायची नळी, वाट दाखवणारी नळी, यातलं जवळपास सगळं परदेशी बनावटीचं आणि एकदाच वापरायचं. हृदयातल्या स्टेंटवर सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल किंमत बांधून दिली, तेव्हा पेपरांत पहिल्या पानावर बातमी आली. मेंदूतल्या गुठळीच्या तारेला हृदयाच्या स्टेंटसारखी किंमत बांधून मिळाली नाही, आणि त्याची बातमीही झाली नाही. अंतिम बिल घेताना साहित्याचा प्रत्येक डबा, त्यावरचा छापील दर आणि स्टिकर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

आणखी एक फसगत. जिल्ह्याच्या गावी आता जागोजागी कॅथलॅब झाल्या आहेत, फलक मोठे असतात. तिथं हृदयाची अँजिओप्लास्टी होते. मेंदूतली गुठळी काढणारा डॉक्टर वेगळा लागतो, आणि तसे डॉक्टर मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा मोजक्या शहरांत आहेत. सिंधुदुर्गातला माणूस तर मुंबईचं तोंडही बघत नाही, तो थेट बांबोळीला जातो, गोवा मेडिकल कॉलेजात. तिथं २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क पडतं, त्यामुळे कुडाळ-सावंतवाडीकडच्यांनी आपल्या योजनेचे कागद बांबोळीत कसे चालतात ते आधीच विचारून ठेवलेलं बरं.

पैसे कोण देणार?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता केवळ पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची राहिलेली नाही. २०२३ मध्ये शासन निर्णय झाला आणि २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांसह राज्यातल्या सगळ्यांना ती लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आयुष्मान भारत तिच्यातच जोडलेली आहे. माझ्या ओळखीतल्या पांढऱ्या कार्डवाल्या दहातल्या नऊ जणांना हे माहीत नाही, आणि रुग्णालयाच्या काउंटरवरचा माणूस आपण होऊन सांगेल अशी आशा ठेवू नका.

पण योजनेत रुग्णालय आहे म्हणजे लकवाही आहे, असं नाही. रुग्णालयाला एकेका विषयासाठी मान्यता असते. हाडांसाठी योजनेत, मेंदूसाठी नाही, असं सर्रास असतं. म्हणून प्रश्न असा विचारायचा: “लकव्याचं इंजेक्शन आणि गुठळी काढणं, दोन्ही तुमच्याकडे योजनेत होतं का?” उत्तर आरोग्यमित्राकडून घ्या. प्रत्येक योजनेच्या रुग्णालयात त्याचं टेबल असतं. तातडीच्या रुग्णाला फोनवरून कळवून उपचार सुरू करायची सोय आहे, कागद मागाहून देता येतात. म्हणजे आमच्या घरानं डब्याखालचं कार्ड शोधण्यात घालवलेला तो अर्धा-पाऊण तास वाया गेला होता. एकजण रुग्णाबरोबर निघतो, दुसरा मागे राहून कार्ड शोधतो, इतकं साधं होतं ते. योजनेचा क्रमांक १५५३८८. योजनेतल्या उपचारासाठी वरून पैसे मागितले तर तक्रारही तिथंच.

धर्मादाय रुग्णालयांचं लोकांना निम्मंच माहीत असतं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ठरवून दिलेली योजना यांनुसार तिथं दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला एक लाख ८० हजार, दुर्बलांसाठी तीन लाख ६० हजार. याहून महत्त्वाचं कलम मात्र उत्पन्नाशी बांधलेलं नाही: तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून जीव वाचवण्यापुरते उपचार द्यायचे, अनामत मागायची नाही. पुण्या-मुंबईतली कितीतरी चकचकीत, काचेची रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय आहेत. सर्वोच्च न्यायालयानं तर १९८९ मध्येच, परमानंद कटारा प्रकरणात, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर तातडीच्या उपचाराची जबाबदारी टाकली आहे. काउंटरवर वाद घालू नका, तिथल्या मुलीच्या हातात काही नसतं. वैद्यकीय समाजसेवकाचं नाव घ्या आणि “आम्हाला धर्मादाय योजनेत अर्ज द्यायचाय, उपचार सुरू राहू द्या” एवढं म्हणा. हे वाक्य ऐकल्यावर सूर बदललेला मी स्वतः पाहिलाय.

विमा असेल तर २०२४ च्या नियमाप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी विमा कंपनीनं तासाभरात द्यायची असते. इंजेक्शन त्या तासासाठी थांबवू नका. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही वरच्या दर्जाची खोली घेतली तर नुसता भाड्यातला फरक नाही, डॉक्टरांच्या फीसकट बरंच काही त्या प्रमाणात कापलं जातं. रक्तदाब आहे हे पॉलिसी घेताना लपवलं असेल तर ते या आजारात हमखास उघडं पडतं.

खिशातून भरायचे असतील तर दोन गोष्टी. यूपीआयची एका व्यवहाराची मर्यादा एरवी लाखभर असली तरी रुग्णालयांसाठी ती रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्ये पाच लाखांवर नेली, पण तुमची बँक तितकी देते का ते ॲपमध्ये आधीच बघा. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम रुग्णालयाला आयकर कायद्यानुसार घेता येत नाही. म्हणून सोनं मोडून पिशवीत नोटा घेऊन धावणाऱ्यांची शेवटच्या क्षणी पंचाईत होते. मुख्यमंत्री सहायता निधी, देवस्थानांचे न्यास यांची मदत मिळते, पण ती अर्ज-शिक्के होऊन. पहिल्या साडेचार तासांत तिचा उपयोग नाही.

घरी आल्यावर

या खर्चाचा अंदाज कुणी देत नाही. तात्यांच्या घरची वही माझ्यासमोर आहे, काकूंच्या अक्षरातली. फिजिओथेरपिस्ट घरी येतो, एका वेळचे चारशे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या वर. पहिले तीन महिने दिवसपाळीला बाई ठेवली, दिवसाचे सहाशे: महिन्याला अठरा हजार. एअर बेड अडीच हजार, तो दुसऱ्या महिन्यात पंक्चर झाला. नाकातली नळी बदलायला महिन्यातून दोनदा कंपाउंडर. डायपर. एका पानावर नुसतं “चप्पल – डावी फाटली” असं लिहिलंय. उजवा पाय ओढत चालतात, सगळा भार डावीकडे, म्हणून तीच चप्पल पुन्हा पुन्हा फाटते. दुकानदार एक चप्पल देत नाही.

एवढ्यात सहा महिन्यांत दीड लाखांच्या वर गेले, आणि तात्यांचं दुधाचं उत्पन्न बंद झालं ते वेगळं. फिजिओथेरपी पहिल्या तीन-चार महिन्यांत जोरात करावी लागते, आणि पैसे संपल्यावर लोक नेमकी तीच बंद करतात. सिव्हिलला ती मोफत असते, पण रोज साताऱ्याला कोण नेणार? त्यापेक्षा थेरपिस्टकडून व्यायाम घरातल्या एकाला नीट शिकून घ्या, मोबाइलवर चित्रण करा आणि त्याला आठवड्यातून एकदाच बोलवा. गोळ्या स्वस्त आहेत. रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, बीपीची, सगळ्या जनऔषधी दुकानात महिन्याला दोन-तीनशेत बसतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायचा कंटाळा करू नका. प्रवासाच्या सवलतीपासून आयकरातल्या वजावटीपर्यंत सगळं त्याच्यावर अडतं.

बीपीची गोळी तर तात्यांना फुकट मिळत होती. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा केंद्राचा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले जे पहिले जिल्हे घेतले त्यांत सातारा होता. आरोग्य केंद्रात तात्यांचं हिरवं कार्ड होतं, आशाताई आठवण करून द्यायच्या. झटक्याच्या आधी दोन महिने त्यांनी गोळी सोडली. “डोकं दुखत नाही, मग कशाला?”

आज करायचं काम

हा लेख लिहायच्या आधी मी साताऱ्यापासून पुण्यापर्यंतच्या सहा रुग्णालयांना फोन केले. प्रश्न चारच: चोवीस तास सीटी चालू असतो का? लकव्याचं इंजेक्शन रात्री दोनला मिळेल का? गुठळी काढणारे डॉक्टर तुमच्याकडे आहेत की बाहेरून बोलवावे लागतात? योजनेत होतं का? एका ठिकाणी ऑपरेटर म्हणाली, “न्यूरोची ओपीडी मंगळवारी चार वाजता असते.” मी म्हटलं, झटका बुधवारी आला तर? तिनं फोन होल्डवर टाकला. दोन ठिकाणी फोन उचललाच नाही. एका ठिकाणी मात्र कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी स्वतः घेतला, चारही उत्तरं सरळ दिली, आणि वर विचारलं, “पेशंट आत्ता आहे का? किती वाजता झालंय?”

तुमच्या गावापासून असे फोन तुम्हीच करायचे, कारण माझी यादी तुमच्या कामाची नाही. ज्याच्याकडून सरळ उत्तर मिळेल त्याच्या कॅज्युअल्टीचा थेट क्रमांक लिहून घ्या आणि घरून तिथं पोचायला दिवसा किती आणि रात्री किती वेळ लागतो ते एकदा गाडीनं जाऊन मोजा. झटका ओळखायला डॉक्टर लागत नाही. हसायला सांगा, तोंड एका बाजूला जातं का बघा. दोन्ही हात वर धरायला सांगा, एक खाली घसरतो का बघा. नाव-गाव विचारा, शब्द बोबडे होतात का ऐका. यातलं एकही चुकलं, किंवा एकाएकी तोल गेला, एका डोळ्यानं दिसेनासं झालं, तर घड्याळ बघायचं, वेळ लिहायची आणि निघायचं. दहा मिनिटांत सगळं परत ठीक झालं तरीही निघायचं, कारण तसा छोटा झटका मोठ्याची वर्दी असू शकतो.

त्या कॅज्युअल्टीचा नंबर काकूंनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलाय. रेशनकार्ड आता कडधान्याच्या डब्याखाली नसतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते कॅलेंडरच्याच खिळ्याला लटकवलंय, तात्यांच्या डाव्या हाताला येईल इतक्या उंचीवर.